जूनमध्ये सुरू करू नका, आणि सगळे विषय एकदम तर अजिबातच नको

मॅडम, तुमचा प्रश्न मला असा कळला: चोपड्याकडचं ग्रँटेड कॉलेज, आर्ट्स-कॉमर्स-सायन्स तिन्ही, प्राचार्यांनी मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं की जूनपासून सगळं शिकवणं ऑनलाइन प्लॅटफॉर्मला जोडायचं, कमिटीत तुम्ही आणि एक सीएचबीवरचे, म्हणजे तासाच्या हिशोबावर नेमलेले सर, सिनिअर मंडळी तोंड वाकडं करून बसलीत आणि निम्म्या पोरांकडे नेट धड नाही. तर मूडल घ्यायचं की गूगल क्लासरूम, सुरुवात कुठून करायची, आणि स्टाफसाठी दोन दिवसांचं वर्कशॉप ठेवायचं का.

मी धुळ्याकडे कॉम्प्युटर शिकवतो, कॉलेजात असले ऑनलाइन प्लॅटफॉर्म लावायचं काम २०१३ पासून करतोय, आधी आमच्याकडे आणि मग आजूबाजूच्या पाच-सहा कॉलेजांत, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी काहीतरी आपटूनच शिकलोय. त्यामुळे जरा लांबेल.

पहिलं सांगतो, सगळ्या कॉलेजसाठी जून सोडून द्या. आपल्याकडे ॲडमिशनं कधी संपतात तुम्हाला माहितीये, एफवायची यादी गणपतीपर्यंत हलत राहते, पोरगं इकडे नाव घालतं मग जळगावला नंबर लागला की टीसी काढून जातं, कोणाचा विषय बदलतो, कोणाची डिव्हिजन. त्या हलत्या यादीवर तुम्ही लॉगिन बनवले की ऑगस्टपर्यंत फक्त नावं टाका नावं काढा एवढंच काम होईल. एसवाय किंवा टीवायचा एक वर्ग घ्या, त्यांची यादी जूनलाच पक्की असते, पोरंही सरावलेली असतात. एफवायला दुसऱ्या सत्रात आणा. प्राचार्यांना सांगायचं की सुरुवात जूनमध्येच झाली, पायलट म्हणून. पायलट हा शब्द त्यांना आवडतो आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्यांच्या फायलीतही छान दिसतो.

आता आमचं काय झालं ते ऐका. पहिल्या वर्षी आम्ही सगळे विभाग एकदम चढवले. बॅनर, नारळ, पाहुणे, सगळं. प्रत्येक सरांना सांगितलं आपापल्या विषयाच्या नोट्स टाका, लोकांनी टाकल्याही, पहिल्या महिन्यात पीडीएफचा ढीग लागला. दिवाळीनंतर लॉग उघडून बघितला तर आठवड्याला आत येणारे विद्यार्थी हाताच्या बोटावर मोजण्याइतके. कारण काय, तर तेच पीडीएफ सर लोक वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण टाकत होते, आणि झेरॉक्सच्या दुकानातही तीच फाईल होती. पोरगं कशाला पासवर्ड आठवत बसेल? गावात दोन रस्ते असले आणि एकावर टोल असला तर एसटी सोडून कोण टोलच्या रस्त्याने जाईल.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की एकच काम निवडा पण ते पूर्ण तिकडे न्या आणि त्या कामाचा जुना रस्ता बंद करा. नोट्स हे ते काम नव्हे, नोट्सला जुने रस्ते कायम राहणारच. मी आता सगळीकडे इंटर्नलच्या असाइनमेंटपासून सुरुवात करतो. पोराला मार्क हवे असतात म्हणून ते येतं, सरांना शंभर-सव्वाशे पोरांचे गठ्ठे घरी न्यायचे नसतात म्हणून तेही येतात, आणि शेवटी मार्कांची एक्सेल शीट आपोआप निघते, म्हणजे परीक्षा विभागही खूश. प्राचार्यांच्या सहीची नोटीस एकदाच लावायची की अमुक विषयाची असाइनमेंट कागदावर घेतली जाणार नाही. ही नोटीस निघत नसेल तर बाकी सगळं थांबवा, खरंच सांगतो, त्या नोटिशीशिवाय प्लॅटफॉर्म म्हणजे शोभेचा गणपती.

ज्याच्याकडे फोनच नाही त्याचं काय, हा प्रश्न मीटिंगमध्ये येणारच आणि तो आडवं लावायला विचारला तरी खरा असतो. घरात एकच फोन असतो, तो भावाकडे नाहीतर बापाकडे मळ्यात, मुलींच्या हातात रात्री आठनंतर, तोही कोणी बघत असताना. त्यासाठी आम्ही लॅब रोज एक तास मोकळी ठेवली, दुपारी, कारण बाहेरगावच्या पोरांची एसटी सकाळी लवकर नाहीतर मग संध्याकाळीच असते आणि मधला वेळ ती आवारात बसून काढतात. त्या तासाला एक माणूस तिथे हवाच. नुसती लॅब उघडी ठेवली की पोरं क्रिकेटचा स्कोअर बघतात.

मूडल की क्लासरूम, यावर लोक तासन्‌तास भांडतात पण मला त्यात फार काही वाटत नाही. कॉलेजचं स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता आहे, सर्व्हर बघणारा माणूस नाही, आणि काम म्हणजे असाइनमेंट आणि सूचना एवढंच, तर क्लासरूम घ्या, शिक्षणसंस्थांना गूगलची मूळ योजना फुकट आहे, फक्त सगळ्या संस्थेला मिळून १०० टीबीची जागा आहे हे लक्षात ठेवा, नाहीतर लोक लग्नाचे व्हिडिओ पण तिथेच ठेवतात. चाचण्या, प्रश्नपेढी, गट पाडणं, कोणी कुठपर्यंत वाचलं हे बघणं, असं सगळं हवं असेल तर मूडल. तेही फुकट आहे पण गाय फुकट मिळाली तरी चारा आपल्यालाच घालावा लागतो, सर्व्हर, बॅकअप, दर काही महिन्यांनी अपडेट. मूडल ज्याने बनवलं तो मार्टिन डुगियामस ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात लांबच्या वस्तीत वाढला, लहानपणी त्याची शाळा रेडिओवरून चालायची, २००२ मध्ये त्याने पहिली आवृत्ती काढली. सातपुड्यातली धडगाव-अक्कलकुव्याकडची पोरं बघितली की मला दरवेळी हे आठवतं, असो. तिसरा प्रकार म्हणजे सेल्समन येऊन जो डेमो दाखवतो तो, त्याला एकच विचारायचं की तीन वर्षांनी तुम्हाला सोडलं तर आमचे मार्क आणि पोरांच्या फायली कोणत्या स्वरूपात परत मिळतील, आणि ते आत्ता काढून दाखवा. आमच्यासमोर एकाने तेव्हा चहा मागवला होता.

पुढचं सगळं मूडल धरून लिहितोय.

नेटचं बघू. कॉलेजच्या वायफायवर बसून कधीच चाचणी करू नका. स्वतःचा फोन घ्या, मोबाईल डेटावर, शक्यतो गावाबाहेर जाऊन, आणि विद्यार्थ्याच्या लॉगिनने एक असाइनमेंट पूर्ण जमा करून बघा. मी हे केलं नव्हतं. झालं असं की टीवायच्या पोरांना सांगितलं वहीत लिहा, फोटो काढा आणि टाका. शहादा तालुक्यातला एक मुलगा, घरात रेंज नाही म्हणून टेकाडावर जाऊन बसायचा, त्याने तीन संध्याकाळी प्रयत्न केला आणि चौथ्या दिवशी वही घेऊन माझ्यासमोर उभा, म्हणे सर निम्म्यापर्यंत जातं आणि मग लाल अक्षरं येतात. मी नेटला दोष देऊन मोकळा झालो. घरी येऊन सर्व्हर बघितला तर पीएचपीची, म्हणजे मूडल ज्या भाषेवर चालतं तिची, फाईलची मर्यादा जशी मुळात येते तशीच २ एमबीवर होती, आणि आजकालच्या फोनचा एकेक फोटो तीन-चार एमबीचा. म्हणजे त्याच्या टेकाडाची चूक नव्हतीच. ही मर्यादा चार ठिकाणी असते, सर्व्हरच्या पीएचपीत, मूडलच्या साइट सेटिंगमध्ये, कोर्समध्ये आणि त्या असाइनमेंटमध्ये, आणि चारांतली जी सगळ्यात लहान तीच लागू होते, त्यामुळे एक वाढवून भागत नाही. आणि पीएचपीत दोन आकडे आहेत, एक फाईलचा आणि एक पूर्ण पाठवणीचा, तो दुसरा मुळात ८ एमबी असतो, दोन्ही वाढवायचे. सोबत पोरांना फोटोंची एक पीडीएफ करायला शिकवा, लहान साइजची, दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढे नोकरीचे फॉर्म भरतानाही उपयोगी पडतं.

व्हिडिओ लेक्चर रेकॉर्ड करून मूडलवर चढवायची हौस कोणालातरी येणारच. फोनने फुल एचडीत काढलेलं पाऊण तासाचं लेक्चर काही जीबीत जातं, सर्व्हर भरतो आणि दिवसाला दीड जीबीचा पॅक मारलेलं पोरगं ते उघडतही नाही. व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असा ठेवा आणि मूडलवर फक्त लिंक. त्याहून चांगलं म्हणजे नुसता आवाज. ३२ केबीपीएसवर दहा मिनिटांचा ऑडिओ जेमतेम २.४ एमबी होतो, त्यासोबत फळ्याचे दोन फोटो. आमच्या इकॉनॉमिक्सच्या मॅडमनी असं करायला सुरुवात केली तर पोरं कापूस वेचताना कानात घालून ऐकायची, परीक्षेत काय दिवे लावले ते सोडा पण ऐकायची तरी.

मूडलचं मोबाईल ॲप घ्यायला लावा, त्यात कोर्स डाऊनलोड करून नेटशिवाय वाचता येतो, आणि चाचणीसुद्धा ऑफलाइन सोडवून नंतर रेंजमध्ये आल्यावर पाठवता येते. पण ही सोय शिक्षकाने चाचणीच्या सेटिंगमध्ये मुद्दाम चालू करावी लागते आणि वेळेची मर्यादा घातली की ती चालत नाही. तुम्ही २० मिनिटांचा टायमर लावून ऑफलाइनची अपेक्षा धराल तर फसाल. मी सरावाच्या चाचण्यांना टायमर लावतच नाही. मार्कांची चाचणी असेल तर सकाळी ७ ते रात्री १० अशी खिडकी ठेवतो आणि प्रश्नपेढीतून प्रत्येकाला वेगळे प्रश्न जातील असं करतो. बरोबर अकराच्या ठोक्याला तीनशे पोरं घुसली की साधा सर्व्हर झोपतो, आणि त्याच वेळी लाईट पण जाते, हा अनुभव आहे.

वेळेवरून आठवलं. एका कॉलेजात चाचणी सकाळी १० ला ठेवली, सगळ्यांच्या फोनवर १० वाजता उघडेल असंच दिसतंय, १० वाजले, सव्वादहा झाले, उघडेना. प्राचार्यांचा फोन, पालकांचा फोन, मी गाडीत. चाचणी उघडली दुपारी साडेतीनला, आपोआप. सर्व्हर भाड्याचा होता आणि त्याची वेळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होती, आपण साडेपाच तास पुढे, मूडलने सर्व्हरचीच वेळ धरलेली. टाईमझोन आशिया कोलकाता करायला अर्धा मिनिट लागतो. क्रॉन नावाचं सर्व्हरवर आपोआप चालणारं काम सुद्धा दर मिनिटाला चालू आहे ना ते पहिल्याच दिवशी बघून घ्या, ते बंद असलं की सूचना जात नाहीत, मेल जात नाही, आणि कोणाला काही कळत नाही की का.

आता यादी. लोक मूडल शिकायला जातात, मला विचाराल तर आधी एक्सेल शिका. ऑफिसातून भाऊसाहेब जी यादी देतात तिच्यात पीआरएन नंबर असतो, विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक, लांबलचक, तो एक्सेलमध्ये साधा आकडा म्हणून पडला की २.०२ ई अधिक १५ असलं काहीतरी दिसायला लागतं, आणि एक्सेल १५ अंकांपुढे लक्षात ठेवत नाही, म्हणजे १६ अंकी नंबराचा शेवटचा अंक शून्य होऊन जातो. आमच्याकडे एका वर्गात असे कितीतरी जण एकाच युजरनेमचे झाले, पहिला शिरला आणि बाकीचे बाहेर. तो कॉलम आधी टेक्स्ट करायचा आणि मगच नंबर पेस्ट करायचे, नंतर टेक्स्ट करून उपयोग नाही, गेलेला अंक परत येत नाही. मराठीत नावं असतील तर सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ निवडायचं, नाहीतर सगळ्या वर्गाचं नाव प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह. आणि त्या यादीत आधार नंबर, जात, बापाचं उत्पन्न असले कॉलम ऑफिसातून आलेले असतील तर ते तिथल्या तिथे उडवा, मूडलला नाव, युजरनेम, मेल आणि वर्ग एवढं पुष्कळ आहे.

भाऊसाहेबांशी गोडीने राहा एवढंच सांगतो. नाव काढलेलं, विषय बदललेला, हे सगळं पहिल्यांदा त्यांनाच कळतं. आम्ही दर शनिवारी त्यांच्या टेबलावर बसून बदलांचा कागद घ्यायचो, शेव-मुरमुरे माझ्याकडून.

पासवर्डचं टेबल पहिले पंधरा दिवस लावाच, जिन्याखाली, जिथून सगळे जातात तिथे. मूडल मुळात पासवर्डला आठ अक्षरं, एक कॅपिटल, एक स्मॉल, एक आकडा आणि वर एक चिन्ह मागतं. पोरगं बिचारं चिन्ह कुठलं टाकलं ते विसरतं आणि मेलवर रीसेट मागवावं तर मेलचाही पासवर्ड आठवत नाही, सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला असतो. मग "सर, मना पासवर्ड लागी नही राह्यना" हे दिवसातून पन्नास वेळा ऐकायची तयारी ठेवा. चिन्हाची अट मी सेटिंगमधून काढून टाकतो आणि लांबी वाढवतो. टेबलावर टीवायची दोन पोरं बसवा, ती अहिराणीतून समजावतात आणि लाजणारी पोरं त्यांना विचारतात, आपल्याला विचारत नाहीत. मराठी भाषेचा पॅक पण मिळतो मूडलला, पण तो अर्धवट आहे, अर्धी बटणं मराठी अर्धी इंग्रजी अशी खिचडी होते, त्यापेक्षा बटणं इंग्रजी राहू द्या आणि सूचना तुम्ही स्वतः मराठीत लिहा. सबमिट आणि अपलोड कळत नाही असं पोरगं आता राहिलेलं नाही.

सिनिअर लोकांचं. ते विरोधात आहेत असं म्हणू नका, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची एक खरी अडचण असते आणि ती बोलायला कमीपणा वाटतो. आमचे मराठीचे एक सर, वीस वर्षांच्या नोट्स टाइप केलेल्या, अतिशय सुंदर, पण श्रीलिपीत, म्हणजे तो फॉन्ट असेल तिथेच दिसणाऱ्या जुन्या टायपिंगात. मूडलवर टाकल्या, त्यांच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट होता म्हणून त्यांना बरोबर दिसल्या, आणि पोरांच्या फोनवर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिखल. पोरं वर्गात हसली. सर त्यानंतर दोन वर्षं मूडलचं नाव घेईनात, आणि आम्ही आपले म्हणत राहिलो की सर जुन्या वळणाचे आहेत. शेवटी एका सीएचबीवाल्या मुलीने त्यांच्या फायली कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसणाऱ्या मराठीत करून दिल्या, रफार आणि जोडाक्षरं बिघडली होती ती सरांनी स्वतः बसून दुरुस्त केली, उन्हाळ्याच्या सुट्टीत, पंख्याखाली घाम पुसत. तुमच्या मराठी, हिंदी, इतिहास विभागांत आधी हे विचारा की टायपिंग कशात केलंय. घाई असेल तर पीडीएफ करून टाका, फॉन्ट आत बसतो, पण मग त्यातलं काही शोधता येत नाही आणि फोनवर बोटाने सरकवत वाचावं लागतं.

प्रश्नपेढी बनवायला लोक घाबरतात कारण मूडलमधला फॉर्म लांब आहे, एका प्रश्नाला पाच मिनिटं जातात. त्यांना गिफ्ट फॉरमॅट दाखवा, प्रश्न साध्या मजकुरात लिहून मूडलमध्ये एकदम चढवायची पद्धत. साध्या नोटपॅडमध्ये असं लिहायचं:

तापी नदी कोणत्या समुद्राला मिळते? {=अरबी समुद्र ~बंगालचा उपसागर ~हिंदी महासागर}

बरोबर उत्तराआधी बरोबरचं चिन्ह, चुकीच्या आधी ते लाटेसारखं चिन्ह, दोन प्रश्नांत एक ओळ मोकळी, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह, आणि शंभर प्रश्न एका झटक्यात आत. प्रश्नातच बरोबरचं चिन्ह किंवा महिरपी कंस येत असेल तर त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, गणितवाल्यांना हे आधीच सांगा नाहीतर ते तुमच्या नावाने खडे फोडतील. त्याच मराठीच्या सरांनी मला अशी वीस-वीस प्रश्नांची पानं हाताने लिहून दिली होती, चिन्हांसकट.

म्हणून दोन दिवसांचं वर्कशॉप, नको. मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत हॉलमध्ये प्रोजेक्टरवर मूडलची सगळी बटणं दाखवली, प्रमाणपत्रं वाटली, आणि जूनमध्ये कोणाला लॉगिनही आठवत नव्हतं, हे मी स्वतः घेतलेल्या वर्कशॉपबद्दल सांगतोय. त्यापेक्षा ज्या दिवशी सरांना असाइनमेंट द्यायची आहे त्या दिवशी त्यांच्या शेजारी अर्धा तास बसा, माऊस त्यांच्याच हातात, तुम्ही हात मागे बांधून. पुन्हा तपासायच्या दिवशी अर्धा तास. एवढ्यात होतं. पहिल्या सत्राला चार-पाच शिक्षक पुरे, आणि त्यात एकतरी असा निवडा ज्याचं स्टाफरूममध्ये ऐकतात, कॉम्प्युटर त्याला आला नाही तरी चालेल.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात जाता जाता आलीय ती मला सगळ्यात जास्त खटकली, की सर्व्हरचं सगळं ते सीएचबीवरचे सर बघणार. ते कितीही हुशार असोत, त्यांची ऑर्डर सत्रापुरती असते. एका कॉलेजात डोमेन आणि होस्टिंग अशाच एका सरांच्या खाजगी जीमेलवर घेतलेलं होतं, त्यांना नाशिककडे नोकरी लागली, ते गेले, वर्षभराने रिन्यूअलची मेल त्यांच्या जुन्या खात्यावर आली, त्यांनी बघितलीच नाही आणि एका सोमवारी सकाळी साइट नाही. त्यांचा काही दोष नव्हता, पगारही दोन महिन्यांचा बाकी होता त्यांचा. डोमेन कॉलेजच्या नावावर आणि कॉलेजच्या मेलवर घ्या, बिल अकाउंटच्या रजिस्टरला चढवा, ॲडमिनचे दोन लॉगिन ठेवा, एक कायम नोकरीतल्या माणसाकडे, आणि सगळे पासवर्ड एका कागदावर लिहून बंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात. हसू नका, हे पाकीट आमच्या इथे दोनदा उघडावं लागलंय.

बॅकअप सर्व्हरवरच ठेवून भागत नाही, डेटाबेस आणि मूडलडेटा फोल्डर दोन्ही दर आठवड्याला एका बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवा. नुसता डेटाबेस घेतला तर मार्क राहतात आणि पोरांच्या फायली जातात. सत्र संपलं की प्रत्येक कोर्सची एमबीझेड, म्हणजे मूडलची कोर्स-बॅकअपची फाईल वेगळी काढून ठेवा, तीच पुढच्या वर्षी नव्या कोर्समध्ये पोरांशिवाय उतरवता येते म्हणजे सरांना परत काही करावं लागत नाही. आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर तो बॅकअप खरंच चढवून बघा, आमची पहिली हार्डडिस्क आठ महिने शून्य केबीच्या फायली जमवत होती.